काल हळद, आज नाटक: स्टेजचे दिवे चालवणारा कन्सोल निवडायचा कसा?

रायगडच्या किनाऱ्यावरचं एखादं गाव. जत्रेचं नाटक, रात्रीचे साडेदहा. नायिका शेवटचं वाक्य म्हणून पाठ फिरवते. आता रंगमंचावर हळूहळू अंधार व्हायला हवा. होतं काय, तर चार ‘शार्पी’ गर्रकन फिरतात, निळा-लाल झोत थेट प्रेक्षकांच्या डोळ्यांत जातो आणि मागून शिट्टी येते. लाइटवाल्याने बटण वेळेवर दाबलेलं असतं. फक्त ते आदल्या रात्रीच्या हळदीसाठी भरलेलं असतं.

अलिबाग, पेण, उरण, मुरूड, श्रीवर्धन या पट्ट्यात हे नवीन नाही. आगरी-कोळी हळद, मंडवा-अलिबागकडची मोठी लग्नं, गणपती-नवरात्रीचे कार्यक्रम आणि वर्षातून एक-दोनदा होणारं गावचं नाटक, या सगळ्यांना दिवे पुरवणारा माणूस एकच असतो आणि त्याचं सामानही तेच. दिवे दोन्हीकडे चालतात. अडचण येते ती दिवे चालवणाऱ्या पेटीची, म्हणजे कन्सोलची. नाट्यमंडळांना आणि नव्याने या धंद्यात उतरणाऱ्या पोरांना इथेच सगळ्यात जास्त पैसे वाया घालवावे लागतात.

कन्सोल दिव्याला सांगतो तरी काय?

फक्त आकडे. प्रत्येक वाहिनीवर ० ते २५५ मधला एक आकडा. ० म्हणजे बंद, २५५ म्हणजे पूर्ण, १२७ म्हणजे साधारण निम्मं. एका केबलमधून अशा ५१२ वाहिन्यांचे आकडे एकामागून एक जातात, तेही सेकंदाला जास्तीत जास्त ४४ वेळा. या भाषेचं नाव डीएमएक्स ५१२. अमेरिकेतल्या नाट्यतंत्रज्ञांच्या ‘यूएसआयटीटी’ या संस्थेने १९८६ साली ती ठरवली, १९९० मध्ये तिच्यात सुधारणा झाली आणि आजही लंडनच्या थिएटरपासून नागावच्या मांडवापर्यंत तीच चालते. पाच हजारांचा डेस्क असो की पन्नास लाखांचा, दिव्याला मिळणारे आकडे सारखेच. महाग कन्सोल दिवा जास्त उजळ करत नाही. आकडे किती सोयीने आणि किती बिनचूक बदलता येतात, एवढाच फरक.

५१२ वाहिन्यांच्या या गटाला ‘युनिव्हर्स’ म्हणतात. साध्या एलईडी पारला बहुतेक वेळा ८ वाहिन्या लागतात: एक एकूण उजेडाची, मग लाल, हिरवा, निळा, पांढरा, स्ट्रोब आणि आणखी दोन. फिरत्या दिव्याला १६ किंवा २० लागतात, कारण त्याला मान कुठे वळवायची, रंगाची कुठली चकती लावायची हेही सांगावं लागतं. (‘शार्पी’ हे खरं तर क्ले पाकी या इटालियन कंपनीच्या २०१० मध्ये आलेल्या एका दिव्याचं नाव. आपल्याकडे बीम टाकणारा कुठलाही फिरता दिवा आता शार्पीच, जसं कुठलंही वनस्पती तूप डालडा.)

गावच्या मंचाचा हिशेब करून पाहू. १२ एलईडी पार, प्रत्येकी ८ वाहिन्या, म्हणजे ९६. चार शार्पी, प्रत्येकी १६, म्हणजे ६४. सहा वाहिन्यांचे चार डिमर पॅक, म्हणजे २४. एकूण १८४. पहिल्या पारला पत्ता १, दुसऱ्याला ९, तिसऱ्याला १७, असं करत बारावा ८९ वर. शार्पी ९७, ११३, १२९ आणि १४५ वर. डिमर १६१, १६७, १७३, १७९ वर. एका युनिव्हर्समध्ये ३२८ वाहिन्या अजून शिल्लक. तेव्हा दुकानदार ‘चार युनिव्हर्सवाला घ्या, पुढे लागेल’ म्हणाला, तर आधी हा हिशेब कागदावर मांडावा. गावच्या नाटकाला दुसरं युनिव्हर्स क्वचितच लागतं.

हा पत्त्यांचा कागद कन्सोलच्या झाकणाला आतून चिकटवून ठेवणारे लाइटवाले आहेत. मंचावर दिवा बदलायची वेळ आली की तो कागदच वाचवतो.

हळद वेगळी, नाटक वेगळं

हळदीत पुढे काय होणार हे कुणालाच माहीत नसतं. गाणं बदलतं, नवरा मध्येच उठतो, मामा नाचायला येतात. लाइटवाल्याला हाताखाली तयार रंग, तयार हालचाली आणि ठेका पकडायला एक बटण हवं असतं. पंधरा-वीस फेडर किंवा बटणं, प्रत्येकावर एक गोष्ट, आणि त्यांचं मिश्रण त्या क्षणी ठरवायचं. अशा कामासाठी बनलेल्या डेस्कवर इफेक्ट भरपूर असतात आणि ते पटकन सापडतात.

नाटकात उलट. सगळं आधीच ठरलेलं असतं. क्यू १, पहाट, ४० सेकंदांत. क्यू २, आई दार उघडते, उजव्या कोपऱ्यात उजेड, ३ सेकंदांत. क्यू ३, दिवे गेले, शून्य सेकंदात. ऑपरेटरला संहितेवर नजर ठेवून प्रत्येक जागी फक्त ‘गो’ दाबायचं असतं. तेव्हा नाटकासाठी कन्सोल पाहताना पहिला प्रश्न एकच विचारावा: यात क्यूंची यादी होते का आणि प्रत्येक क्यूला उजेड चढायचा व उतरायचा वेगळा वेळ देता येतो का? ‘नाही’ असं उत्तर आलं तर त्यावर दोनशे चाळीस सीन असले तरी नाटकाला त्यांचा उपयोग बेताचाच.

ही सोय आली तीही नाटकामुळेच. १९७५ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर आलेल्या ‘अ कोरस लाइन’ या संगीत नाटकासाठी प्रकाशयोजनाकार थॅरॉन मसर यांनी संगणकाच्या स्मृतीवर चालणारा कन्सोल वापरला, ब्रॉडवेवरचा तो पहिला. त्याआधी दोन-तीन माणसं मोठमोठ्या डिमरच्या मुठी हातांनी फिरवत असत. त्याहून जुन्या काळी हौशी मंडळी तर मातीच्या नळात मीठ घातलेलं पाणी भरून, त्यात धातूचा तुकडा खाली-वर करून उजेड कमी-जास्त करत. कल्पना भन्नाट होती, पण उघड्या पाण्यात वीज सोडलेली असे. आज हे कुणी करून पाहू नये.

उजेडाची जादू कन्सोलवर अवलंबून नसते, हे मान्यच. कोलकात्यात १९५९ साली उत्पल दत्त यांच्या ‘अंगार’ नाटकात तापस सेन यांनी कोळशाच्या खाणीत पाणी भरत जाताना दाखवलं, ते केवळ प्रकाशाच्या जोरावर. तेव्हा क्यू साठवणारी यंत्रं नव्हती. पण रोज तोच परिणाम हातांनी साधायला तापस सेनांसारखा माणूस आणि कसलेले सहकारी लागतात. गावात तालमी दोन होतात आणि लाइटवाला थेट प्रयोगाच्या दिवशी उगवतो. तिथे क्यू साठवणं हाच आधार.

एचटीपी, एलटीपी हे काय प्रकरण आहे?

कन्सोलच्या माहितीपत्रकात हे दोन शब्द दिसतात आणि लोक पुढे सरकतात. पण सुरुवातीच्या शिट्टीमागे बऱ्याचदा हेच असतं.

समजा, एकाच दिव्याला दोन फेडर हुकूम देताहेत. एक म्हणतो ६०, दुसरा म्हणतो २००. एचटीपी या नियमात मोठा आकडा जिंकतो. एलटीपीमध्ये शेवटी दिलेला हुकूम जिंकतो, मग तो लहान का असेना. उजेडाला एचटीपी बरा पडतो. मान वळवणं, रंग, चकती यांना एलटीपीच लागतो, कारण ‘डावीकडे’ आणि ‘उजवीकडे’ यांत मोठं-लहान काही नसतं. आता हळदीच्या कुठल्या तरी फेडरवर उजेड थोडासा उचललेला राहिला असेल, तर नाटकाचा अंधार होतच नाही. क्यू म्हणतो ०, विसरलेला फेडर म्हणतो ४०, आणि ४० जिंकतो. म्हणून नाटकाआधी दोन कामं. एक, जुनी फाइल पेनड्राइव्हवर जपून ठेवून नाटकासाठी कोरी फाइल उघडणं. दोन, पडदा उघडण्याआधी सगळे फेडर खाली आहेत का, हे हाताने चाचपणं. डोळ्यांनी नव्हे, हाताने. अंधारात दोन मिलिमीटर वर राहिलेला फेडर दिसत नाही.

फिरत्या दिव्यांचं आणखी एक. अंधार असताना शार्पीने मान वळवून पुढच्या जागी जाऊन बसावं आणि मग उजेड यावा, यासाठी मधे उजेड नसलेला एक क्यू भरावा लागतो. चांगल्या कन्सोलमध्ये हे आपोआप होतं. साध्या डेस्कवर विसरलात, तर झोत आधी पडद्यावरून, मग पेटीवादकाच्या डोक्यावरून फिरत नायकापर्यंत पोहोचतो.

मान वळवण्यासाठी दोन वाहिन्या असतात, एक ढोबळ आणि एक बारीक. ढोबळ वाहिनीचे फक्त २५६ टप्पे. दिवा ५४० अंश फिरतो, म्हणजे एक टप्पा २ अंशांहून थोडा मोठा. १० मीटर अंतरावर तेवढ्याने झोत साधारण ३७ सेंटिमीटर सरकतो. हळदीत हे कुणाच्या लक्षातही येत नाही, पण कीर्तनकाराच्या चेहऱ्यावर संथपणे झोत न्यायचा असेल तर तो टप्प्याटप्प्याने उड्या मारत जातो. बारीक वाहिनी चालू केली की टप्पे होतात ६५,५३६. दिव्याच्या मेन्यूत वाहिन्यांची संख्या १४ ऐवजी १६ किंवा २० निवडली की बहुधा ही सोय मिळते.

बाजारात काय मिळतं?

सगळ्यात स्वस्त ‘डीएमएक्स १९२’. किनाऱ्यावरच्या जवळपास प्रत्येक डेकोरेटरकडे तो असतो. बारा बटणं, प्रत्येकावर १६ वाहिन्या, ३० बँकांत मिळून २४० सीन आणि ६ चेस. बारा बटणं म्हणजे बाराच दिवे, असं समजून पुष्कळ जण पार एकाच पत्त्यावर लावतात. तसं करायची गरज नाही. ८ वाहिन्यांचे दोन पार एका बटणावर बसतात, पहिला पान ‘ए’वर, दुसरा पान ‘बी’वर. अशाने २४ पार वेगवेगळे चालवता येतात. या डेस्कची खरी मर्यादा दुसरीच. हाताने सीन बदलला की उजेड साधारणपणे झटक्यात बदलतो. सावकाश चढ-उतार चेसमध्येच नीट जमतो. ‘पहाट’ दाखवायची तर फेडरवर बोट ठेवून हाताने वाढवणं हाच सरळ मार्ग. भजन, शाळेचं स्नेहसंमेलन, सत्कार यांना हा डेस्क पुरतो आणि तिथे जास्त खर्च करण्यात अर्थ नाही.

त्याच्या वर ‘सनी ५१२’, ‘किंग काँग १०२४’, ‘पर्ल १०२४’ अशा नावांचे डेस्क. यातला ‘पर्ल’ हा ब्रिटनच्या ॲव्होलाइट्स कंपनीच्या गाजलेल्या पर्ल मालिकेची नक्कल. शार्पी चालवायला हे बरे, लग्नाच्या धंद्यात मागणी याच पेट्यांना. नक्कल घेताना मात्र एक गोष्ट तपासावी: नवीन दिव्याची वाहिनी-यादी, म्हणजे दिव्याची ओळखपत्रिका, त्यात आपल्याला भरता येते का? येत नसेल तर नवा दिवा आला की डेस्क मुका होतो.

मोठ्या कार्यक्रमात ग्रँडएमए, ॲव्होलाइट्स, चॅमसिस, ईटीसी ही नावं दिसतात. ती विकत घेणं हा वेगळा खेळ. भाड्याने आणतानाही ऑपरेटरसकट आणावी, कारण प्रत्येकाची भाषा वेगळी आणि प्रयोगाच्या संध्याकाळी ती शिकता येत नाही.

लॅपटॉपवर भागेल का?

नाट्यमंडळासाठी बहुतेक वेळा हाच सगळ्यात शहाणा पर्याय आहे आणि गावोगाव तोच सगळ्यात कमी वापरला जातो. ‘क्यूएलसी प्लस’ हे सॉफ्टवेअर पूर्ण मोफत आहे, मुक्तस्रोत आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं, रास्पबेरी पायसारख्या तळहाताएवढ्या संगणकावरही चालतं. त्यात क्यूंची यादी करता येते आणि प्रत्येक क्यूला उजेड चढायचा-उतरायचा वेळ देता येतो. म्हणजे नाटकाला जे हवं, तेच. ग्रँडएमए आणि चॅमसिस यांची संगणकावर चालणारी सॉफ्टवेअरंही मोफत उतरवून घेता येतात, शिकण्यासाठी ती उत्तमच. पण त्यांच्यातून प्रत्यक्ष दिव्यापर्यंत सिग्नल काढायला कंपनीचं उपकरण लागतं का, किती वेळ चालतं, या अटी आवृत्तीगणिक बदलतात. त्या वाचल्याशिवाय प्रयोग त्यांच्या भरवशावर ठेवू नये.

लॅपटॉप आणि दिवे यांच्यामध्ये यूएसबीची एक डबी लागते. तिचे दोन प्रकार. स्वस्त डबी डीएमएक्सचा ठेका स्वतः धरत नाही, लॅपटॉपवर सोडते. लॅपटॉप दुसऱ्या कामात अडकला, अपडेट सुरू झालं, की दिवे थरथरतात. दुसऱ्या प्रकारात डबीच्या आत छोटा प्रोसेसर असतो, तो ठेका सांभाळतो. एन्टेक कंपनीच्या ‘ओपन’ आणि ‘प्रो’ या दोन डब्यांत हाच फरक आहे. पैसे वाचवायचे असतील तर लॅपटॉप जुना चालेल, डबी चांगली घ्यावी. प्रयोगाआधी वायफाय बंद, अपडेट बंद, स्क्रीनसेव्हर बंद, आणि व्हॉट्सॲप तर नक्कीच बंद.

दिवे मध्येच का उडतात?

शंभरातल्या बऱ्याच वेळा कन्सोल निर्दोष असतो. दोषी असते केबल. डीएमएक्सची साखळी एका दिव्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात अशीच न्यायची असते. मधेच ‘वाय’ जोडून दोन फाटे फोडायचे नसतात. फाटे हवेत तर स्प्लिटर वापरायचा. एका साखळीवर ३२ पेक्षा जास्त दिवे नकोत. शेवटच्या दिव्यात १२० ओहमचा टर्मिनेटर लावायचा, नाहीतर सिग्नल केबलच्या टोकाला आपटून मागे फिरतो आणि नव्या आकड्यांत मिसळतो. टर्मिनेटर म्हणजे एक्सएलआर पिनेच्या आत २ आणि ३ नंबरच्या टोकांमध्ये डाग दिलेला एक रेझिस्टर. किंमत चहा-वड्याएवढी. माइकची केबल दिसायला तशीच असते आणि थोड्या अंतरावर चालूनही जाते. म्हणूनच ती फसवते: तालमीत चालते, प्रयोगात वीस मीटर जास्त लागली की रुसते.

किनाऱ्यावर भर पडते ती खाऱ्या हवेची. एका पावसाळ्यात पिनांवर हिरवट थर चढतो. केबल कोरड्या, झाकणाच्या पेटीत, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवणं आणि हंगामाआधी पिना कॉन्टॅक्ट क्लीनरने पुसणं, याला पर्याय नाही.

वायरलेस डीएमएक्सचा मोह समुद्रकिनाऱ्यावर हमखास होतो, कारण वाळूत केबल टाकणं त्रासाचं. बहुतेक संच २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, वायफायही तिथेच. दुपारी मोकळ्या वाळूवर सगळं झकास चालतं. संध्याकाळी हजार माणसं, त्यांचे फोन आणि मधे उभी असलेली त्यांची शरीरं आली की सिग्नल दमतो. तपासणी गर्दी गृहीत धरूनच करावी, अँटेना डोक्यांच्या वर बांधावा.

कोल्ड पायरो याच केबलवर लावावेत का?

नवरीच्या एंट्रीला उडणाऱ्या ठिणग्या आणि ज्वाळा फेकणारी यंत्रं हल्ली सर्रास डीएमएक्सवर लावतात. डीएमएक्समध्ये आकडा वाटेत बिघडला तर ओळखायची कुठलीच सोय नाही. दिव्याला ० ऐवजी २५५ गेला तर क्षणभर उजेड पडेल. ज्वाळेच्या यंत्राला गेला तर समोर करवली उभी असू शकते. म्हणूनच आतषबाजी आणि माणसांच्या डोक्यावर हलणारे सांगाडे केवळ डीएमएक्सच्या भरवशावर चालवू नयेत, असं हे मानकच सांगतं. किमान एवढं तरी व्हावं, की यंत्राच्या विजेचा स्विच वेगळ्या माणसाच्या हातात असावा आणि यंत्र नजरेसमोर, मोकळं दिसल्यावरच त्याने तो चालू करावा.

विजेचा हिशेब

जुने १००० वॉटचे वीस हॅलोजन पार म्हणजे २० किलोवॉट. २३० व्होल्टला भागलं तर सुमारे ८७ अँपिअर. गावच्या देवळाच्या मीटरवरून हे ओढणं अशक्य. दीडशे वॉटचे वीस एलईडी पार घेतले तर भार ३ किलोवॉट, म्हणजे १३ अँपिअर. किनाऱ्यावरच्या मंडळांना एलईडी परवडतात ते या एका कारणासाठी. तरीही आकडा टाकून नव्हे, महावितरणकडून तात्पुरती जोडणी घेऊन किंवा जनरेटर लावून.

सगळ्यात घातक गोष्ट दिसत नाही. थ्री-फेज जोडणीत न्यूट्रलची वायर सैल झाली, तर काही दिव्यांना २३० ऐवजी ४०० व्होल्टच्या आसपास दाब मिळू शकतो. एलईडीचे पुरवठे, कन्सोल, साउंडचा मिक्सर, सगळं एका क्षणात जातं. गंजलेल्या टर्मिनलमुळे खाऱ्या हवेत हा धोका जास्त. जनरेटरवरून मेनवर बदलताना न्यूट्रल आधी जोडलाय का, हे पाहणारा वायरमन मंचामागे हवाच, आणि ३० मिलिअँपिअरला तुटणारा आरसीसीबीही. कन्सोल किंवा लॅपटॉप वेगळ्या यूपीएसवर ठेवावा. वीज क्षणभर गेली तर दिवे लगेच परत येतात, पण कन्सोल पुन्हा सुरू व्हायला एक-दोन मिनिटं घेतो, आणि नटांना तेवढा वेळ अंधारात उभं राहावं लागतं.

अलिबागजवळच्या चेंढरे इथलं पीएनपी नाट्यगृह जून २०२२ मध्ये आगीत जळालं, हे इथल्या रंगकर्मींना विसरता येणारं नाही. सज्ज नाट्यगृह हाताशी नसलं की पनवेलचं वासुदेव बळवंत फडके नाट्यगृह गाठायचं, नाहीतर उघडा मंच, कापडी मांडव आणि भाड्याचं सामान. हॅलोजन वापरायचाच असेल तर मांडवाच्या कापडापासून त्याला हातभर नव्हे, चांगलं लांब ठेवावं लागतं.

मोबाइलमध्ये पट्टे का दिसतात?

कार्यक्रमाचं रील काढलं की एलईडीच्या उजेडात काळे पट्टे सरकतात. एलईडी मंद करताना तो खरं तर फार वेगाने चालू-बंद होत असतो. डोळ्याला ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. दिव्याच्या मेन्यूत ‘रिफ्रेश रेट’ असेल तर तो वाढवावा. फोनच्या प्रो मोडमध्ये शटर १/५० किंवा १/१०० ठेवून पाहावा.

मंडळाने विकत घ्यावं की भाड्याने?

वर्षाला दोन प्रयोग करणाऱ्या मंडळाने दिवे भाड्यानेच आणावेत. पण डबी आणि लॅपटॉपमधली फाइल स्वतःची असावी. मग लाइटवाला पेणचा असो की पनवेलचा, त्याच्याकडून फक्त दिवे, त्यांचे पत्ते आणि प्रत्येकाच्या वाहिन्यांची यादी आधी मागवायची. तालमी चालू असतानाच घरी क्यू भरून ठेवता येतात. प्रयोगाच्या दिवशी उरतं ते दिव्यांची दिशा आणि उजेडाचे आकडे जुळवणं. राज्य नाट्य स्पर्धेत प्रकाशयोजनेला वेगळं पारितोषिक असतं, पण मंचावर तयारीला मिळणारा वेळ मोजकाच. ज्यांची फाइल आधीच तयार असते, त्यांना तो वेळ अंधार-उजेडाची एक पूर्ण तालीम करायला मिळतो.

भाडं ठरवताना फोनवर विचारायचे प्रश्न थोडेच: दिवे कोणते आणि किती वाहिन्यांच्या मोडवर लावलेत, कन्सोलमध्ये क्यूंची यादी होते का, ऑपरेटर तालमीला येईल का, आणि आदल्या रात्री त्याची हळद कुठे आहे.